अंश दिसतो, छेद दिसत नाही: परवाना परीक्षेची लेक्चर्स निवडताना

“दादा, या वेळी कोणाची लेक्चर्स घेऊ?” मामेबहिणीचा हा प्रश्न मला वर्षभरात तिसऱ्यांदा आला. तिने मध्य आशियातील एका विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आहे. भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्यासाठी तिला एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची चाळणी परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागेल. दोन प्रयत्न झाले. दुसऱ्या वेळी ३०० पैकी १४२ गुण मिळाले, लागतात १५०. दोन अ‍ॅपची वर्गणी तिने आधीच भरली होती. तिसऱ्याची जाहिरात तिने मला पाठवली: हसरे चेहरे, चेहऱ्यांखाली गुण आणि गुणांखाली शुल्कातील सवलतीची अंतिम तारीख.

मी भौतिकशास्त्राचा संशोधक आहे. वैद्यकशास्त्राबद्दल मत देण्याचा मला अधिकार नाही. परंतु समोर ठेवलेल्या पुराव्यावरून दावा सिद्ध होतो की नाही, हे तपासणे माझे रोजचे काम आहे. त्या मर्यादित अधिकाराने सांगतो: ज्या निकषांवर हजारो विद्यार्थी उजळणीची ऑनलाइन लेक्चर्स निवडत आहेत, ते निकष जवळजवळ सगळे निरुपयोगी आहेत. याचा दोष विक्रेत्यांचा आहे, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेचा आहे आणि थोडा विद्यार्थ्यांचाही आहे. कोणत्याही एका अ‍ॅपचे नाव घेत नाही, कारण हा रोग एकाचा नाही.

प्रथम जाहिरात पाहू. आमच्याकडून शिकलेले इतके विद्यार्थी उत्तीर्ण झाले, हा अपूर्णांकाचा अंश झाला. छेद कुठे आहे? वर्गणी भरून परीक्षेला बसलेले एकूण किती? त्यांतील किती जणांनी लेक्चर्स पूर्ण पाहिली? कितव्या प्रयत्नात यश आले? छेदाशिवाय अंशाला अर्थ नसतो, हे आपण प्राथमिक शाळेत शिकलो आहोत. शिवाय एकच विद्यार्थी दोन-तीन अ‍ॅपची वर्गणी भरतो आणि उत्तीर्ण झाला की प्रत्येकाच्या यशवंतांच्या यादीत जाऊन बसतो. अनुत्तीर्ण झाला तर कोणाच्याच यादीत नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, किती काळाचा घेतला, त्याचे शुल्क भरले होते का, हे सांगणे त्यांनी बंधनकारक केले. पाऊल योग्यच होते. पण यशस्वी विद्यार्थ्याचा तपशील कितीही दिला तरी तो अंशाचाच तपशील. छेद जाहिरातीत अजून आलेला नाही.

आता परीक्षेचे गणित मांडतो. ते मला जाहिरातींपेक्षा अधिक बोलके वाटते. एफएमजीईत चार पर्यायांचे ३०० प्रश्न असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नसते. ज्याला काहीच येत नाही, त्यालाही निव्वळ अंदाजाने सरासरी ७५ गुण मिळतील. ज्याला १०० प्रश्नांची उत्तरे पक्की येतात, त्याने उरलेल्या २०० प्रश्नांवर आंधळा अंदाज केला तरी सरासरी ५० गुणांची भर पडून तो १५० वर पोहोचतो. म्हणजे ही परीक्षा एक तृतीयांश पक्क्या ज्ञानावर पार होऊ शकते. तरीही अलीकडच्या अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण पाचात एकाच्या आसपास राहिले आहे. याचा अर्थ बाकीचे मूर्ख आहेत असा मुळीच नाही. वर्षानुवर्षे वाचलेले, ऐकलेले आणि त्या क्षणी समजलेलेही परीक्षेच्या दिवशी हाताशी राहत नाही, असा त्याचा अर्थ आहे. अडचण माहितीच्या तुटवड्याची असती तर व्हिडिओंचे तास वाढवून ती सुटली असती.

याच गणिताचा दुसरा भाग नशिबाचा आहे. समजा, एखाद्याला ९० प्रश्न पक्के येतात. उरलेल्या २१० प्रश्नांवरील अंदाजातून सरासरी ५२ ते ५३ गुण मिळतील, म्हणजे एकूण सुमारे १४२. पण अंदाजाच्या गुणांत सहा-सात गुणांचा चढउतार सहज होतो. तेवढ्याच तयारीच्या अशा आठ विद्यार्थ्यांपैकी साधारण एक जण केवळ दैवाने १५० ओलांडेल. तो उत्तीर्ण विद्यार्थी काय सांगेल? शेवटच्या महिन्यात अमुक सरांची लेक्चर्स पाहिली आणि झालो. तो खोटे बोलत नाही. त्याला तसेच वाटते. उरलेले सात जण कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारत नाही. ज्येष्ठांचा सल्ला म्हणून जे फिरते, त्यातील बराच भाग या आठव्या विद्यार्थ्याचा सल्ला असतो.

आता विद्यार्थ्यांच्या बाजूचा दोष. चाचणीचे लेक्चर पाहून “छान समजले” असे वाटले की वर्गणी भरली जाते. छान समजल्याची ही भावना अत्यंत फसवी आहे आणि याला प्रयोगांचा आधार आहे. शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच मजकुराचे छोटे व्याख्यान दाखवले. एका चित्रफितीत वक्ता ताठ उभा राहून, नजरेला नजर देत, ओघवते बोलत होता; दुसरीत तोच मजकूर कागदात पाहत, अडखळत वाचला जात होता. पहिल्या गटाला आपल्या लक्षात बरेच राहील असे वाटले. प्रत्यक्षात दोन्ही गटांना जवळपास सारखेच आठवले. आमच्या विषयातील उदाहरण याहून बोचरे आहे. हार्वर्डमध्ये लुई देलोरिये आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात स्वतः उदाहरणे सोडवत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी चाचणीत अधिक गुण मिळवले. पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. उत्तम व्याख्यान शांतपणे ऐकणाऱ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटत होते आणि गुण मात्र कमी पडले.

या दोन प्रयोगांनंतर लेक्चर किती आवडले हा निकष कचऱ्यात टाकायला हवा. बाजार मात्र नेमका त्याच निकषावर उभा आहे. ओघवती वाणी, रंगीत फलक, विनोद, यमक जुळवलेल्या युक्त्या यांची किंमत आपण मोजतो, कारण त्यांच्यामुळे शिकल्यासारखे वाटते. मी बहिणीला आठवड्यापूर्वी पाहिलेल्या लेक्चरबद्दल विचारले. विषय होता शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळणे. सरांनी सांगितलेला विनोद तिने शब्दशः सांगितला. शॉकच्या चार प्रकारांपैकी दोनच आठवले.

लक्षात राहते ते कशाने? रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो पहिल्या सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा सर्वाधिक उपयुक्त ठरलेल्या दोन पद्धती होत्या स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे. पुनर्वाचन आणि अधोरेखन खालच्या श्रेणीत गेले. रात्री दीडपट वेगाने लावून ठेवलेले उजळणीचे लेक्चर हे पुनर्वाचनाचेच चलत् रूप आहे.

वेळेचाही हिशेब करा. समजा, एका संपूर्ण अभ्यासक्रमाची लेक्चर्स ७०० तासांची आहेत. दिवसाला सहा तास पाहिली तरी ११७ दिवस गेले. दोन सत्रांमधील सहा महिन्यांपैकी जवळजवळ चार महिने ऐकण्यात संपले आणि त्या काळात विद्यार्थ्याने स्वतः काय आठवले याची नोंद शून्य.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परदेशात भाषेच्या अडचणीत, रुग्णाजवळ पुरेसे उभे राहायला न मिळता शिकलेल्या मुलांना अनेक विषय मुळातच समजलेले नसतात. त्यांना चांगला शिक्षक नको का? हवाच. जे कधी समजलेच नाही ते आठवणार कुठून? पहिल्या आकलनासाठी लेक्चरला पर्याय नाही आणि या अ‍ॅपवरील काही शिक्षक खरोखर निष्णात आहेत. माझा विरोध आकलनाचे औषध स्मरणाच्या रोगावर देण्याला आहे.

दुसरा आक्षेप: सगळेच अंधारात असताना विद्यार्थ्याने निवड करायची कशी? हा अंधार मात्र यंत्रणेने निर्माण केला आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डची प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका दरवर्षी जाहीर होते. गेटचीही होते. एफएमजीई घेणारे नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स मात्र परीक्षार्थ्याकडून प्रश्न उघड न करण्याची हमी घेते. परिणामी खरा प्रश्न कसा असतो हे सांगण्याची मक्तेदारी आठवणीतून प्रश्न जमवणाऱ्या बाजाराकडे गेली आहे. आमच्या नोट्समधून इतके प्रश्न आले, हा दावा पडताळण्याचा एकही सार्वजनिक मार्ग नाही. प्रश्न पुन्हा वापरता यावेत यासाठी गोपनीयता लागते, हे मान्य. अमेरिकेच्या यूएसएमएलई परीक्षेचे प्रश्नही गोपनीय असतात. तरी तेथे अधिकृत नमुना प्रश्न विनामूल्य मिळतात. आपल्याकडे दर सत्रातील निदान काही प्रश्न उत्तरांसह खुले करायला कोणती अडचण आहे?

हे केवळ परदेशातून आलेल्यांचे दुखणे राहणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने देशातील आणि परदेशातील सर्व पदवीधरांसाठी नेक्स्ट ही एकच परीक्षा ठरवली. तीन वर्षांत सुरू व्हायची होती. मुदत वाढली, जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली आणि अद्याप झालेली नाही. ती आज ना उद्या आली आणि प्रश्न असेच कुलूपबंद राहिले, तर देशातला प्रत्येक भावी डॉक्टर याच बाजाराचा गिऱ्हाईक होईल.

तोवर काय करावे? बहिणीला जे सांगितले तेच येथे लिहितो. काहीही विकत घेण्यापूर्वी १५०-१५० मिनिटांच्या दोन भागांत ३०० प्रश्नांची एक पूर्ण सराव परीक्षा दे. प्रत्येक उत्तरापुढे “पक्के” की “अंदाज” अशी खूण कर. मग विषयवार गुणभार समोर ठेव. तो गुप्त नाही. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन प्रत्येकी १७, सामाजिक वैद्यक एकटे ३०, मानसोपचार आणि त्वचारोग प्रत्येकी ५. ज्या विषयात गुणभार मोठा आणि “पक्के” थोडे, तेवढ्याच विषयाची लेक्चर्स शोध. दोन शिक्षकांमध्ये निवड करायची असेल, तर सारख्याच अवघड अशा दोन घटकांवर प्रत्येकाचे एक विनामूल्य लेक्चर पाहा, आठवडा जाऊ दे आणि प्रत्येक घटकावरचे वीस अनोळखी प्रश्न सोडव. एक-दोन गुणांच्या फरकाला अर्थ नाही. पाच-सहांचा असेल तर दखल घे. जो शिक्षक लवकर थांबून तुला प्रश्नाकडे पाठवतो, तो तुझ्या कामाचा. आणि विक्रेत्याचा फोन आला की छेद विचार. उत्तर आले नाही, तर तेच उत्तर समज.

ही परीक्षा पदोन्नतीची नाही, परवान्याची आहे. फुरसे चावलेला माणूस रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात येईल, तेव्हा त्याचे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवायचे आणि गोठते का पाहायचे, हे कोणी पडद्यावर दाखवणार नाही. खाली चार पर्यायही नसतील. ते त्या डॉक्टरला स्वतःहून आठवावे लागेल.

बहिणीने तिसरी वर्गणी अजून भरलेली नाही. रविवारी ती सराव परीक्षेला बसणार आहे. “पक्के” किती निघाले हे मला त्याच संध्याकाळी कळवायचे, असे आमचे ठरले आहे.