परवाना मागायचा, पण जागा कुणाची?



मागच्या बैठकीत काही बाया म्हणाल्या, दर वर्षी कुणाला ना कुणाला दारूबंदीवाले पकडून नेतात, जामिनाला सावकार लागतो. त्यापेक्षा दोन-तीन वाड्यांनी मिळून एक परवाना काढू. एक भट्टी, एक कोठी, लपवाछपवी नको. बोलणं चुकीचं नाय. पण आम्ही नियम समजून घेतले तेव्हा कळलं, हे दार आपल्यासाठी ठेवलेलंच नाय.

देशी दारूचे नियम १९७३ चे. दारू बनवायचा परवाना वेगळा, ठोक विकायचा वेगळा, दुकानाचा वेगळा. बनवणाऱ्याने जागेचा नकाशा द्यायचा, माल कुठं गाळणार, कुठं ठेवणार ते दाखवायचं. देखरेखीला सरकारी माणूस बसवला तर त्याचा खर्चही परवानेवाल्याच्याच डोक्यावर. हे सगळं साखर कारखान्याच्या मळीवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्याला धरून लिहिलेलं आहे. दहा बाया एक चूल वाटून घेतील, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसावं.

आणि नकाशा कुठल्या जागेचा देणार? १९४९ साली दोन कायदे झाले, एक दारूबंदीचा, दुसरा खोती मोडण्याचा. दारूबंदी आपल्या वाडीत शिपायाच्या काठीबरोबर पोचली. खोती मोडली ती ज्यांची नोंद होती त्यांच्यासाठी. कातकरी काताच्या नि कोळशाच्या भट्टीवर हिंडत होता, त्याची नोंद कोण करणार? आजही कितीतरी वाड्यांत घराखालची जमीन सात-बाऱ्यावर दुसऱ्याच्याच नावाने आहे. मालकाची सही घ्यायला गेलो तर तो फुकट देणार नाय. भट्टी त्याची होईल नि आपण तिथे मजूर.

बांद्यापलीकडे गोव्यात काजूची भट्टी परवान्याने चालते, काजूचे विभाग सरकार लिलावाने देतं. अलीकडे तेच बोंडू गाळलं तर कोठडी. पण लिलावात बोली पैसेवालाच लावतो, हेही ध्यानात ठेवा.

कुणी म्हणेल, चळवळ दारूची बाजू घेते काय? नाय. गूळ-नवसागराच्या हातभट्टीने घरं बसली, ती बंद झालीच पाहिजे. १९२२ च्या देवीच्या चळवळीत ठाण्याकडच्या आणि गुजरातेतल्या आदिवासींनी दारू आपणहून सोडली, कुणी शिपाई पाठवावा लागला नाय. त्याआधी इंग्रजाने १८९२ मध्ये कायदा करून ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच बंधन घातलं होतं. सोडणं आपलं, बंदी त्यांची. दोन्ही एक नव्हेत.

१९७५ साली केंद्राने राज्यांना सांगितलं, आदिवासी भागात धंद्याची दारू विकू नये, घरच्यापुरती पारंपरिक दारू करायला मोकळीक द्यावी. पण रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाय. तो कागद दाखवला तर साहेब म्हणणार, हे तुमच्यासाठी नव्हे.

म्हणून परवान्याच्या अर्जाआधी घराखालच्या जमिनीचा अर्ज. येत्या बैठकीला प्रत्येक वाडीने घरांची यादी आणायची, किती पिढ्या राहतो ते लिहून आणायचं, सात-बारा कुणाच्या नावे ते तलाठ्याकडे विचारून यायचं. रेशनकार्ड, मतदार यादी, जे असेल ते. ज्यांच्यावर दारूबंदीचा खटला चालू आहे त्यांनी समन्सचा कागद आणावा, फाटका असला तरी चालेल.