खचलेल्याला आधी भाकर

ख्रिस्ती श्रद्धेतून धीर मिळवणे म्हणजे दुःख नाकारणे, असा समज रूढ असला तरी बायबल त्याला दुजोरा देत नाही. प्राचीन इस्राएलच्या प्रार्थनागीतांचा संग्रह असलेल्या स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत आणि ८८वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. ‘१ राजे’ या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश न करता त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवून खायला सांगतानाच लांबच्या वाटेची जाणीव करून देतो.

आधी अन्न आणि आसरा, हाच क्रम समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या कार्यातही दिसतो. दुष्काळात आईवडील आणि पुढे भाऊ व पती गमावलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मातील जलदीक्षा, घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रियांना आणून आश्रय दिला आणि त्यातूनच केडगावचे मुक्ती मिशन आकाराला आले. निराशेला अश्रद्धा ठरवून दोष देण्याऐवजी खचलेल्याच्या अन्नाची, विश्रांतीची आणि सोबतीची प्रथम सोय लावणे, हेच मंडळीचे, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाचे, पहिले कर्तव्य ठरते.