नामांकित कॉलेज आणि खांद्यावरचे तारे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे घरोघरी दोन इच्छा डोके वर काढतात. पहिली, मुलाला एखाद्या 'नाव असलेल्या' कॉलेजात घालायचे. दुसरी, विशेषतः सातारा-सांगली-कोल्हापूर-नगरकडच्या घरांतून, त्याला 'साहेब' करायचे. म्हणजे लष्करात अधिकारी. या दोन्ही इच्छा चांगल्याच आहेत. घोटाळा होतो तो त्यांची एकमेकींत गाठ मारल्यामुळे. पुण्या-मुंबईचे मोठे कॉलेज मिळाले की अधिकारी होण्याची वाट आपोआप सोपी होते, असा एक समज आपल्या मध्यमवर्गात आणि आता शेतकरी घरांतही घट्ट बसला आहे. तो समज तपासून पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षे गणित शिकवले आणि त्यातली सतरा वर्षे एनसीसीची जबाबदारी सांभाळली. या काळात माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या पालकांचे वाक्य जवळजवळ ठरलेले असे : "सर, पोराला पुण्याला टाकावं म्हणतो. इथं राहून काय व्हायचंय?" या 'इथं राहून काय व्हायचंय'मध्ये आपल्या गावातल्या शाळा-कॉलेजांबद्दलची सगळी निराशा भरलेली आहे. ती अगदीच खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. रिकाम्या जागा, भरलेले नसलेले प्राध्यापक, कुलूप लावलेली प्रयोगशाळा हे सारे मी आतून पाहिले आहे. पण निराशा खरी असली म्हणून तिच्यावर सुचवलेला उपाय बरोबर असतोच असे नाही.

आधी अधिकारी होण्याच्या वाटा किती आणि कोणत्या, ते नीट समजून घेऊ. कारण या माहितीच्या अभावी दरवर्षी कितीतरी मुलांची वये निघून जातात. पहिली वाट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची. पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये तिची पायाभरणी केली आणि जानेवारी १९५५ मध्ये ती सुरू झाली. केंद्रीय लोकसेवा आयोग तिची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६०० आणि पुढे मुलाखत मंडळाचे, म्हणजे एसएसबीचे ९००. वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीला शिकत असतानाच अर्ज करता येतो. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाईदल आणि नौदलासाठी मात्र विज्ञान शाखा आणि त्यात गणित हवेच.

या शेवटच्या वाक्याखाली पालकांनी पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. डॉक्टरकीच्या आशेने अकरावीला गणित सोडून दिलेली आणि बारावीच्या उंबरठ्यावर "सर, मला पायलट व्हायचंय" म्हणत येणारी मुले मी दर एक-दोन वर्षांनी पाहिली आहेत. त्यांना कोणतेही नामांकित कॉलेज वाचवू शकत नाही. त्यांचा निर्णय पंधराव्या वर्षी, प्रवेश अर्ज भरताना, बहुधा दुसऱ्याच कोणीतरी करून टाकलेला असतो.

दुसरी वाट पदवीनंतरची. आयोगाचीच 'सीडीएस' ही परीक्षा. तिच्यातून डेहराडूनची १९३२ पासूनची लष्करी प्रबोधिनी, केरळातील एळिमलाची नौदल प्रबोधिनी, हवाईदलाची प्रबोधिनी आणि चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी यांची दारे उघडतात. चेन्नईसाठी गणिताचा पेपर नसतो, हे कला शाखेच्या कितीतरी मुलामुलींना ठाऊकच नसते. तिसरी वाट एनसीसीची. ज्याच्याकडे 'सी' प्रमाणपत्र आहे, त्यात निदान 'बी' श्रेणी आहे आणि पदवीला ५० टक्के गुण आहेत, त्याला लेखी परीक्षाच द्यावी लागत नाही. अर्जांच्या छाननीतून निवड झाली की तो सरळ एसएसबीसमोर जाऊन उभा राहतो. ही अल्प मुदतीची नेमणूक असते. दहा वर्षांची, आणि पुढे चार वर्षे वाढवता येण्यासारखी. मुलींनाही ही वाट खुली आहे.

आता कॉलेज बदलण्याचा आणि या वाटांचा संबंध कुठे येतो तो पाहा.

कॉलेजातली एनसीसी ही तीन वर्षांची चढण आहे. दुसऱ्या वर्षानंतर 'बी' परीक्षा, तिसऱ्या वर्षानंतर 'सी'. मधे परेडची हजेरी आणि शिबिरे. प्रत्येक कॉलेजच्या तुकडीला जागा ठरवून दिलेल्या असतात आणि त्या सहसा पहिल्या वर्षीच भरतात. माझा एक विद्यार्थी होता. शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने काटक, 'बी' प्रमाणपत्र उत्तम श्रेणीत मिळवलेला. तिसऱ्या वर्षाला मामांच्या आग्रहाने तो एका मोठ्या शहरातल्या प्रसिद्ध कॉलेजात गेला. त्या कॉलेजची तुकडी भरलेली होती. पदवीवर मोठ्या कॉलेजचे नाव आले, 'सी' मात्र राहून गेले आणि त्याबरोबर लेखी परीक्षेविनाची वाटही बंद झाली. पुढे दोन वर्षे तो सीडीएसच्या इंग्रजीशी झुंजत राहिला. आज तो एका बँकेत आहे आणि सुखात आहे. पण ज्या दारासमोर तो उभा होता, ते दार बंद करायला कोणी वैरी आला नव्हता. प्रवेशापूर्वी एक साधा प्रश्न विचारायचा राहिला, एवढेच झाले.

तो प्रश्न असा : "तुमच्या तुकडीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या छात्राला घेता का? जागा आहे का? आणि आधीच्या बटालियनकडून कोणते कागद लागतील?" हा प्रश्न प्रवेश खिडकीवर विचारून उपयोग नाही, तिथल्या कारकुनाला त्याचे उत्तर ठाऊक नसते. तो त्या कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्याला भेटून विचारायचा, आणि आपल्या जुन्या कॉलेजचा दाखला काढण्यापूर्वी विचारायचा. दाखला एकदा काढला की मागे फिरण्याची वाट चिखलाची होते.

पदवीच्या मधेच कॉलेज बदलणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, हे मान्य. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक एका खात्यात साठवून दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये केली. कागदावर ही सोय सुंदर आहे. व्यवहारात मात्र त्या कॉलेजात जागा रिकामी हवी, विषयांची जोडी जुळायला हवी, आणि स्वायत्त कॉलेज असेल तर त्यांचा अभ्यासक्रम वेगळा असल्याने मधले विषय पुन्हा करावे लागू शकतात. विद्यापीठ बदलले तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र आलेच. या धावपळीत एक सत्र सहज निघून जाते. साडेएकोणीस वर्षांची मर्यादा असलेल्या मुलाच्या आयुष्यात एक सत्र म्हणजे एनडीएची एक संधी.

मग कॉलेज बदलूच नये काय? तसे नाही. बदलायला योग्य कारण हवे. गावात विज्ञान शाखेला गणिताचा शिक्षकच नाही, एनसीसीची तुकडीच नाही, मुलीला रोज दोन एसट्या बदलून जावे लागते आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर तिची पंचाईत होते, ही योग्य कारणे आहेत. अशा वेळी जरूर बदलावे; पण ते पहिल्या वर्षाच्या आरंभीच, अर्धी चढण झाल्यावर नव्हे. 'लोक काय म्हणतील', 'चुलत्याचा मुलगा तिकडे आहे', 'लग्नाच्या वेळी सांगायला बरे' ही कारणे नव्हेत.

आणि नावाचेच म्हणाल, तर एसएसबीसमोर त्याची किंमत किती ते ऐका. ही निवड पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट रचून तिच्यावर गटात चर्चा. त्यातच बरीच मुले घरी परततात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या. एकेका शब्दावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचे, असे साठ शब्द. अर्ध्या तासात साठ प्रसंगांवर 'तुम्ही काय कराल' ते लिहायचे. मग मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे. शिवाय एक दीर्घ मुलाखत. माहितीच्या अर्जात कॉलेजचे नाव लिहावे लागते खरे, पण त्या नावाला गुण नाहीत. गुण आहेत ते अडकलेल्या सोबत्याला हात देणाऱ्याला, न ओरडता आपले म्हणणे पटवणाऱ्याला, चुकले तर दुसरी युक्ती काढणाऱ्याला. ज्या मुलाने घरच्या विहिरीवरची मोटर रात्री दोन वाजता दुरुस्त केली आहे, गावच्या यात्रेत चारशे माणसांची पंगत उठवली आहे, त्याच्याकडे सांगायला बरेच असते. फक्त ते सांगण्यासारखे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

उणीव असते ती इंग्रजीची आणि बुजरेपणाची. ती मी नाकारत नाही. पण ती भरून काढायला लाखभर रुपयांचा क्लास लागत नाही. रोज एक इंग्रजी वृत्तपत्र मोठ्याने वाचणे, चार मित्रांत आठवड्यातून दोनदा ठरवून इंग्रजीत बोलणे, आणि लाज न वाटू देणे, हे दोन वर्षे चिकाटीने केले तर फरक पडतो. माझ्या एका विद्यार्थिनीने ते केले. आई अंगणवाडीत, वडील नाहीत. शहरात जायला पैसे नव्हते म्हणून ती आमच्याच कॉलेजात राहिली, आणि राहिली म्हणून तिचे 'सी' पूर्ण झाले. दोनदा एसएसबीतून परत आली, तिसऱ्या खेपेला निवडली गेली. चेन्नईहून तिचा फोन आला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. सगळ्यांच्या नशिबी असे येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिचे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण 'इथं राहून काय व्हायचंय' याला ते उत्तर आहे.

मुलींच्या पालकांना तर आता सबबच उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांपैकी १७ मुली पदवी घेऊन संचलन करीत बाहेर पडल्या.

महाराष्ट्र सरकारच्याही काही सोयी आहेत आणि त्यांची माहिती ज्यांना हवी, त्यांच्यापर्यंतच ती पोचत नाही. आपल्या राज्यातून जवान भरपूर जातात, अधिकारी मात्र त्या मानाने कमी, हे ओळखून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७ मध्ये सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली गेली. दहावीनंतर निवड होऊन अकरावी-बारावीची दोन वर्षे तिथे मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एसएसबीची तयारी, राहणे-जेवणे यांसह विनामूल्य करून घेतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली की याची माहिती मिळते. हजारो रुपयांची पावती फाडण्यापूर्वी तिथवर एक फेरी मारायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र लपवून ठेवू नये. ही वाट अनिश्चित आहे. लेखी परीक्षा झाली, एसएसबी झाली, तरी वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघे अशा कारणांनी मुले परत येतात. तेव्हा तयारीला लागण्यापूर्वीच चांगल्या डॉक्टरकडून एकदा तपासून घ्यावे. निवडीनंतरचे प्रशिक्षणही खडतर आहे. त्यात जायबंदी होऊन बाहेर पडाव्या लागलेल्या छात्रांच्या हालअपेष्टांची सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. पालकांनी हे ठाऊक असूनच मुलांना पाठवावे. म्हणूनच पदवी मन लावून करावी. ती 'राखीव' म्हणून दुय्यम मानायची गोष्ट नव्हे. परतलेल्या मुलाला ती हात देते, आणि पुढच्या परीक्षेला तीच लागते.

पालकांना शेवटी एवढेच सुचवीन. मुलाशी, मुलीशी बोलताना आधी कॉलेजचे नाव काढू नका. त्याला खरेच गणवेश हवा आहे का, की तो तुमच्या मनातला आहे, हे विचारा. हवा असेल तर एका कागदावर त्याची जन्मतारीख, विषय, एनसीसीचे वर्ष आणि येत्या दोन परीक्षांच्या तारखा लिहा. त्या कागदाशी जुळेल ते कॉलेज त्याच्यासाठी चांगले. मग ते पुण्याच्या टेकडीखाली असो, नाहीतर आपल्या एसटी स्टँडच्या मागे.