भाऊबीजेची हार्ड डिस्क

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. भिजलेला अल्बम एक एक पान सोडवून, सावलीत वाळवून थोडाफार तरी वाचवता येतो. गाळाच्या पाण्यात बुडालेली हार्ड डिस्क घरच्या घरी वाचवणं जवळपास अशक्य. आपले फोटो, कागदपत्रं, आवाज आपल्याच घरात असावेत असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. मीही त्यांच्यातलाच आहे.

मग सगळं क्लाउडवर सोपवावं? पूर, आग, चोरी यांपासून ते नक्कीच वाचवतं. पण १ जून २०२१पासून गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि मेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबीत संसार आला. मायस्पेस या समाजमाध्यमावर तर सर्व्हर हलवताना लोकांची अनेक वर्षांची गाणी गेली, हे २०१९मध्ये जाहीर झालं तेव्हा ती परत मिळण्याजोगी उरली नव्हती. पैसे भरून जागा घेता येते, हे खरं. मला जास्त काळजी वाटते ती पासवर्डची. माणूस गेलं की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो आणि दोन वर्षं न उघडलेलं खातं पुसून टाकण्याची मुभा गूगलने आपल्याकडे ठेवली आहे. आपल्यामागे खातं कुणाच्या हाती जावं हे आधीच नोंदवून ठेवण्याची सोय तिथे आहे. पण आईवडिलांच्या फोनवर ती करून द्यायला किती मुलं बसतात?

आणखी एक गैरसमज महागात पडतो. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवलेले असले की एकीकडे पुसलेला फोटो दुसरीकडूनही जातो. कचरापेटीत तो काही दिवस राहतो, मग कायमचा गेला. ही दुसरी प्रत नव्हेच.

घरातली साठवणही फुकट मिळत नाही. हार्ड डिस्कचे फिरते भाग झिजतात. पेनड्राइव्हमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं तो कशालाच जोडला नाही तर हा भार हळूहळू गळतो. कोकणातल्या दमट हवेत सीडीवर बुरशी चढते. म्हणजे दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी बसून सगळं नव्या डिस्कवर उतरवायलाच हवं. खर्च पैशांपेक्षा या बैठकीचा जास्त आहे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला हिशेब म्हणूनच मला पटतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घरची प्रत मुख्य मानावी, क्लाउड तिच्या पाठीशी ठेवावा. उलटं नको, कारण मुख्य प्रतीचे नियम दुसऱ्याने बदलावेत हे मला मान्य नाही.

बाबांनी म्हटलेल्या रामरक्षेची चार मिनिटं आमच्याकडे आहेत. एक डिस्क माझ्या कपाटात, दुसरी ताईकडे नाशिकला. दर भाऊबीजेला मी जाताना माझी नवी भरलेली डिस्क घेऊन जातो, तिच्याकडची परत आणतो. पण त्याआधी तिच्या लॅपटॉपला नवी डिस्क जोडून बाबांचा आवाज लागतो का, ते आम्ही दोघं ऐकून घेतो.