आधीं पाणी, मग कोळंबी

जमीन पाहिल्यावांचून बीं विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाहीं. काळ्या कोरडवाहू रानांत भाताचीं खाचरें कोणी पाडीत नाहीं, आणि जांभ्याच्या कातळावर कपाशीची आशाही कोणी धरीत नाहीं. पण हाच शहाणा शेतकरी जोडधंदा म्हणून शोभेची कोळंबी पाळावयास निघाला म्हणजे सारा क्रम उलटा होतो. रंगावर भाळून प्रथम कोळंबी घरीं येते, मागाहून टाकी येते, आणि पाण्याचा विचार कोळंब्या मरूं लागल्यावर सुचतो. मग दोष कोणास? विकणाऱ्यास, बियाण्यास, नाहींतर नशिबास! आमच्या मतें या तिघांहून अधिक दोष पाणी न तपासणाऱ्या आपणांकडेच येतो.

वास्तविक ही कोळंबी पाळण्यास सोयीची आहे. ‘चेरी’ या नांवानें विकली जाणारी लाल कोळंबी मूळची तैवान व दक्षिण चीनकडील असून लांबीनें जेमतेम इंचभर भरते. आपल्या नद्यांतील मोठ्या कोळंबीच्या पिलांना आरंभीं मचूळ पाणी लागतें, म्हणून तिची पैदास घरच्या गोड्या पाण्याच्या टाकींत होत नाहीं. चेरीचें तसें नाहीं. तिचीं अंडीं आईच्या पोटाखालींच सुमारें महिनाभरांत उबतात, आणि बाहेर पडणारीं पिलें आईचींच इवलीशीं रूपें असून त्याच पाण्यांत वाढतात. इतकें सोपें पशुधन केवळ हयगयीनें हातचें जावें, ही हळहळण्याची गोष्ट नव्हे काय?

पाण्याचें एवढें महत्त्व कां, तें पाहूं. कोळंबीचें अंग कवचानें झांकलेलें असतें. वाढतांना सर्पाप्रमाणें तिला कात टाकावी लागते, आणि नव्या कवचास लागणारा चुना ती पाण्यांतून व अन्नांतून मिळविते. पाण्यांत चुना अगदींच थोडा असल्यास कवच मऊ राहतें. क्षार फार झाल्यास तिला कात टाकणें जड जातें. आणि पाणी एकाएकीं बदलल्यास ती अवेळीं कात टाकून दगावते. चेरीस दर लिटरास सुमारें 100 ते 200 मिलिग्रॅम कठिणता व 6.5 ते 8 सामू असलेलें पाणी मानवतें. देशावरील काळ्या पाषाणांतल्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. साबणास फेस येत नाहीं, म्हणून घरांतल्या बायका त्यास नांवें ठेवितात. तेंच पाणी वरील मर्यादेंत असल्यास चेरीस पथ्यकर होतें.

जपानांत 1990 च्या दशकांत हिसायासु सुझुकी यांनीं निवडीच्या पैदाशीनें पुढें आणलेली तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांची ‘क्रिस्टल’ कोळंबी मात्र मृदु, किंचित आम्ल व थंड पाण्याची आहे. ती दिसावयास मोहक व मोलानेंही चढी, म्हणून पुष्कळांस तिचाच मोह पडतो. कोणी म्हणतील, ‘गाळणयंत्र बसवून जड पाणी मृदु करतां येतें.’ येतें खरें. परंतु अशा यंत्रांत गाळलेल्या पाण्याबरोबर पुष्कळ पाणी टाकाऊ म्हणून वाहून जातें. चैत्र-वैशाखांत गुरांच्या हौदापुरतेंही पाणी ज्या गांवीं मिळत नाहीं, तेथें हा हिशेब धंद्याचा नव्हे, हौसेचा झाला. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, कोळंबीसाठीं पाणी बदलूं नये. पाण्याजोगी कोळंबी निवडावी.

निवड बरोबर झाली तरी पुढें सावधगिरी हवीच. टाकींतलें पाणी उन्हानें आटतें, क्षार आटत नाहींत. तूट दर वेळीं विहिरीच्याच पाण्यानें भरली म्हणजे क्षार सांचत जातात. नीरेच्या कालव्याखालीं अति पाणी पाजून ज्या जमिनी खारवट झाल्या, त्यांची हकीकत आपल्यास ठाऊक आहे. टाकी हें त्या शेताचेंच लहान रूप होय. यास्तव आटलेलें पाणी सांठविलेल्या पावसाच्या पाण्यानें भरावें, आणि आठवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून नवें पाणी थेंबाथेंबानें सोडावें.

दुसरा धोका आपल्या शेतांतूनच येतो, व त्याचा दंड आम्हीं स्वतः भरला आहे. द्राक्षांस बोर्डो मिश्रण करण्याची बादली नुसती विसळून आम्हीं तिनें टाकी भरली; दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकही कोळंबी हालतांना दिसेना. मोरचुदांतील तांबें पिकावरील बुरशीस जसें मारक, तसेंच कोळंबीसही मारक आहे. कीटकनाशकांचें तर विचारूंच नये. कीटक व कोळंबी हीं एकाच मोठ्या कुळांतलीं. तेव्हां टाकीची बादली वेगळी ठेवावी, आणि फवारलेल्या शेतांतला पाला टाकींत घालूं नये.

शेवटची गोष्ट धीराची. कच्चें शेण पिकाच्या मुळाशीं घालणें बरें नव्हे, तें कुजावें लागतें, हें आपण जाणतों. टाकींतही कोळंबीच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो, आणि त्याचें निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु नव्या टाकींत नसतात. ते वाढण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. तोंवर टाकींत पाणवनस्पति लावून वाट पाहावी.

सारांश, धंद्याचा पहिला रुपया कोळंबीवर नव्हे, पाण्याच्या तपासणीवर खर्चावा. मृद व जल परीक्षणाच्या प्रयोगशाळेंत आपण मातीचा नमुना पाठवितोंच. त्यासोबत विहिरीच्या पाण्याची एक बाटली पाठवावी. तिचा निकाल अनुकूल आला तर टाकी बांधावी, आणि प्रतिकूल आला तर कोळंबीचा नाद सोडून ते पैसे दुसऱ्या जोडधंद्यांत घालावे. पाण्याचा नकार आधीं समजणें हाही एक लाभच आहे.