समुद्रदर्शन मुलांच्या मापाने

आपल्या गावास समुद्रपूर हे नाव पडले, परंतु समुद्र मात्र आपल्यापासून शेकडो कोस दूर राहिला. आपल्यापैकी पुष्कळ मुलांनी तो पाहिला आहे तो केवळ भूगोलाच्या नकाशावर, निळ्या रंगात. तथापि आपला त्याच्याशी काहीच संबंध नाही असे मात्र नव्हे. हिंगणघाटावरून वाहणारी वणा वर्धेस मिळते. वर्धा वैनगंगेशी एकरूप होऊन प्राणहिता हे नाव धारण करते. प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. ज्या पावसाच्या आशेवर आपल्या काळ्या रानांत कापूस व तूर पेरली जाते, तो पाऊसही समुद्रावरूनच येतो. तेव्हा ज्या आईबापांची ऐपत असेल त्यांनी एकदा तरी मुलांस समुद्र दाखवावा, हे कोणीही मान्य करील. प्रश्न आहे तो कसा दाखवावा, हा. माझे मत असे की, ही सहल मोठ्यांच्या हौसेच्या मापाने न आखता लहानांच्या मापाने आखली पाहिजे.

सामान्यतः घडते ते याच्या उलट. वर्ध्याहून रात्रीच्या आगगाडीने साडेसातशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून मंडळी मुंबईस उतरतात, आणि इतका खर्च केला आहे तर एका दिवसात सर्व काही पाहून घ्यावे असे मनात आणतात. राणीचा बाग झाला, बाजार झाला, आप्तांच्या भेटी झाल्या, की दिवे लागणीस चौपाटी! तोवर धाकटे मूल बापाच्या खांद्यावर झोपलेले असते. वस्तुतः पाच वर्षांच्या मुलास चार हात वाळू पुरेशी आहे. ओली वाळू घट्ट का बसते आणि कोरडी का घसरते, खड्डा खणला असता तळाशी पाणी कोठून येते, इवलासा खेकडा बिळाभोवती वाळूच्या गोळ्या कशाकरिता मांडतो, हे पाहण्यात त्याची सकाळ सरते. एक दिवस व एकच किनारा, एवढाच बेत असावा.

याकरिता अलिबाग हे स्थळ मला विशेष योग्य वाटते. मुंबईच्या गेटवेपासून मांडव्यापर्यंत बोटीने सुमारे तासाभरात जाता येते व तेथून मोटारीने अलिबाग गाठता येते. पावसाळ्यात ही बोट बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणून दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी बरी. अलिबागच्या किनाऱ्यासमोर कुलाबा किल्ला आहे. १६८० साली, शिवछत्रपतींच्या कारकिर्दीच्या अखेरीस, त्याच्या बांधकामास आरंभ झाला. ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. परंतु भरती आली म्हणजे त्यास चोहोंकडून पाण्याचा वेढा पडतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. चंद्राच्या ओढीचा हा धडा पुस्तकात दहा वेळा वाचून जेवढा उमजत नाही, तेवढा त्या किल्ल्यासमोर एका दिवसात उमजतो.

परंतु समुद्र जसा शिकवितो तसा तो चुकीची क्षमाही करीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ती तर वयाने वाढलेली मुले होती. मग बालकांविषयी काय सांगावे? बुडणारे मूल बहुधा हाक मारीत नाही. श्वास घेण्याचीच मारामार असता ओरडणार कसे? म्हणून मुले पाण्यापाशी असता घरातील एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम करू नये. छायाचित्र नको, फोनवरील संभाषण नको, डबा सोडणेही नको. नजर मुलावर आणि अंतर हातभर, एवढेच त्याचे कर्तव्य. थकल्यास दुसऱ्यास सांगून पाळी बदलावी. पाण्याची मर्यादा मुलाच्या गुडघ्याएवढी असावी, बापाच्या नव्हे. पाण्यात उतरण्यापूर्वी भरतीची वेळ व धोक्याची जागा स्थानिक कोळी बांधवांस विचारून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

कोणी म्हणतील, इतकी दगदग व धास्ती असेल तर जावेच कशाला? परंतु मुलांस पाण्यापासून दूर ठेवल्याने ती सुरक्षित राहतात हा भ्रम आहे. आपल्या भागात समुद्र नसला तरी नदीचे डोह आहेत, विहिरी आहेत, शेततळी आहेत. आणि तेथे मूल पुष्कळदा एकटेच जाते. पाण्याचे बळ ज्याने आईबापांचा हात धरून अनुभविले, ते मूल पाण्यास भिणारही नाही व त्याशी बेफिकिरीने वागणारही नाही. ज्यांस अलिबाग परवडत नाही त्यांनी पवनारला धाम नदीच्या काठी एक रविवार घालवावा. नियम तेच, दक्षता तीच.

विद्यार्थिमित्रहो, धाकट्या भावंडांस घेऊन जाल तेव्हा त्यांचा हात सोडू नका. आणि सुज्ञ पालकहो, किती स्थळे पाहिली याचा हिशेब न ठेवता, मुलांनी किती प्रश्न विचारले आणि सर्वजण सुखरूप घरी परतले की नाही, एवढाच हिशेब ठेवा.