किनाऱ्यावरचे आठ तास

यंदाच्या वार्षिकासाठीं विद्यार्थ्यांकडून जे लेख आले त्यांत डोंबिवलीस राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचें प्रवासवर्णन होतें. उन्हाळ्याच्या सुटींत आईवडील व आजी यांच्यासमवेत तो भूमध्य समुद्रांतील सहलीच्या जहाजावर एक आठवडा राहून आला. अक्षर स्वच्छ, भाषा बरी. तथापि पहिल्या वाचनांत आमची निराशाच झाली. रोम नगरास त्यानें नऊ ओळी दिल्या होत्या. त्यांतील चार बसगाडीविषयीं, तीन रांगेविषयीं व एक आइस्क्रीमविषयीं होती. उरलेल्या एका ओळींत कोलोसियम 'फार भव्य' असल्याचें सांगून तो मोकळा झाला होता. फ्लॉरेन्सची बोळवण सहा ओळींत झाली होती. जहाजावरील भोजनगृहाचें वर्णन मात्र दीड पान भरून होतें, आणि तें खरोखरच सरस होतें.

आम्ही त्या मुलास दोष देत नाहीं. ज्या गोष्टीपाशीं मनुष्य निवांत बसतो तिचेंच वर्णन त्यास साधतें. भोजनगृहांत तो सात रात्रीं बसला. कोलोसियमपाशीं तो चाळीस मिनिटें उभा होता, आणि तींहि वाटाड्यानें उंच धरलेल्या छत्रीवर नजर ठेवून.

ज्या पालकांस या सहलींचा अनुभव नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा करणें अवश्य आहे. जहाज रात्रीं चालतें आणि दिवसां एखाद्या बंदरांत उभें राहतें. सकाळीं सात-आठाच्या सुमारास उतरावयाचें व सायंकाळीं पांच-सहापर्यंत परत चढावयाचें. मधल्या वेळच्या या भ्रमंतीस सहलवाले 'शोअर एक्सकर्शन' म्हणतात. आपण तिला किनाऱ्यावरची फेरी म्हणूं. जाहिरातींत रोम व फ्लॉरेन्स हीं नांवें ठळक छापलेलीं असतात. परंतु यांपैकीं एकहि गांव बंदरावर नाहीं. रोमसाठीं जहाज चिवितावेक्किया येथें लागतें, आणि तेथून रोम सुमारें ८० किलोमीटर. म्हणजे डोंबिवलीकरांच्या हिशेबानें साधारण लोणावळ्याइतकें. फ्लॉरेन्ससाठीं लिव्होर्नो येथें उतरावें लागतें, आणि तें अंतरहि कमी नाहीं. आठ तासांतील जवळजवळ तीन तास गाडींत, एक जेवणांत, एक रांगेंत, आणि सहलींतील एखादें कुटुंब वाट चुकल्यास त्याच्या शोधांत अर्धा. बाकी काय उरलें तें ज्यानें त्यानें मांडून पाहावें. शिवाय जहाजाचा एक नियम असा आहे कीं, जहाजातर्फे काढलेल्या फेरीस उशीर झाल्यास जहाज तिच्यासाठीं थांबतें. परंतु जो स्वतंत्रपणें हिंडावयास गेला त्याच्यासाठीं तें थांबत नाहीं. परक्या देशांत जहाज चुकण्याची भीति कोणास वाटणार नाहीं? त्या भीतीनेंच पुष्कळसे प्रवासी निमूटपणें बसमध्यें जाऊन बसतात.

यावर पालकवर्गाकडून एक आक्षेप येतो, आणि आम्ही तो हलका मानीत नाहीं. ते म्हणतात, आम्हीं वर्षानुवर्षें पैसा साठविला. पुन्हां जाणें होईल कीं नाहीं कोणास ठाऊक. म्हातारी माणसें बरोबर आहेत, रोज सामान बांधून नवें बिऱ्हाड करणें त्यांना झेपत नाहीं. मग जहाजावर राहून जितकें दिसेल तितकें पाहून घेतलें तर बिघडलें कोठें? ज्या मनुष्याचा निम्मा जन्म सकाळच्या ८-१२ च्या गर्दींत उभा राहून गेला, त्यानें आपल्या आईला समुद्र दाखवावा यांत आम्हांस वावगें कांहींच दिसत नाहीं. आमचें भांडण जहाजाशीं नाहीं. 'पाहून घेणें' या दोन शब्दांशीं आहे.

त्याच लेखाचें अखेरचें पान वाचीपर्यंत हें भांडण आमच्याहि मनांत इतकें स्पष्ट नव्हतें. नेपल्सच्या बंदरांत उतरतांना आजींचा गुडघा दुखावला. पॉम्पेईच्या फेरीचीं तिकिटें काढलेलीं होतीं, तीं वायां गेलीं. वडील त्रासले. अखेर असें ठरलें कीं, आजींना सोसेल इतकेंच जवळपास हिंडावें. नेपल्स हें मात्र खरोखरीच बंदरावरचें गांव आहे. जहाजांतून उतरलें कीं समोर जुना किल्ला दिसतो. टॅक्सी करून हीं चौघें तेथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयांत गेलीं, कारण तेथें बसावयास बांकें असतील असें आईस वाटलें. आणि तेथें, पॉम्पेईंत सांपडलेल्या वस्तूंमध्यें, वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति त्यांच्या दृष्टीस पडली. पायांत वाळे, हात भरून कंकणें, गळ्यांत हार, दोहों बाजूंस दोन लहान दासी. आजी म्हणाल्या, "अग बाई, ही तर आपल्याकडची!"

आजींची पारख बरोबर होती. ही मूर्ति १९३८ मध्यें पॉम्पेईच्या एका घरांत सांपडली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं तें शहर इसवी सन ७९ मध्यें गाडलें गेलें. अर्थात् मूर्ति त्यापूर्वींच हिंदुस्थानांतून तेथें पोंचली होती. प्रथम लोकांनीं तिला लक्ष्मी म्हटलें, पुढें अभ्यासकांचा कल ती यक्षी असावी असें म्हणण्याकडे झाला. याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ति जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें व धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें मिळाल्या आहेत. उलट दिशेचाहि पुरावा आपल्या घरींच आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडांत गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत रोमन ब्राँझच्या वस्तु निघाल्या, त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची लहानशी मूर्ति आहे. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयांत पाहावयास मिळते. आपली यक्षी नेपल्सला व त्यांचा समुद्रदेव पंचगंगेकाठीं, असा हा जुना देवघेवीचा हिशेब आहे.

मूर्तीसमोरच्या बांकावर बसून आजींनीं नातवास विचारलें, "ही एवढ्या लांब आली तरी कोणाबरोबर रे?" मुलास उत्तर आलें नाहीं. त्यानें तो प्रश्न तसाच लेखांत लिहिला. आमच्या मतें संपूर्ण लेखांतील सर्वांत मोलाचें वाक्य तें.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास तें मुलाच्या घरापासून दोन स्टेशनांवर सांपडतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. तो ग्रंथ 'पेरिप्लस' या नांवानें ओळखला जातो. त्यांत आपलें कल्याण 'कल्लिएना' या नांवानें आलें आहे. पूर्वीच्या राजाच्या काळीं तेथें उघड व रीतसर व्यापार चाले. पुढें सत्ता पालटल्यावर अडथळे आले, आणि तेथें येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जात, असें तो लिहितो. पैठण व तेर येथील माल गाडीवाटेनें भडोचेस जात असे, हेंहि त्याच ग्रंथांत आहे. तेथून तो माल समुद्रमार्गें तांबड्या समुद्राच्या बंदरांस, मग उंटांवरून वाळवंटापार, नाईल नदीनें अलेक्झांड्रियास, आणि तेथून भूमध्य समुद्रावर. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. दुर्गाडीच्या पायथ्याची खाडी आज पाहिली तर हें खरें वाटणें कठीण आहे, तरी तें खरें आहे.

येथें आमच्या विषयाशीं थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगावयाची आहे. त्या काळचीं गलबतें मिसर देशांतून साधारण जुलै महिन्यांत नैर्ऋत्य वाऱ्यावर निघत, आणि परतीचा ईशान्य वारा सुटेपर्यंत त्यांना परतणें शक्य नसे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या परदेशी खलाशास आठ तास नव्हे, कित्येक आठवडे राहणें भाग पडे. त्यास येथला भात खावा लागे, येथली बोली चार शब्दांपुरती शिकावी लागे, पाऊस ओसरतांना पाहावा लागे. कांहीं यवन तर इतके रुळले कीं कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर दाते म्हणून त्यांचीं नांवें आहेत. कोलोसियमचा एखादा खांब आपल्यापैकीं कोणी देऊन यावा अशी आमची अपेक्षा नाहीं! परंतु वाऱ्यानें त्या लोकांना जें सक्तीनें दिलें, तें आपणांस आपखुषीनें घ्यावें लागेल, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

राहिलेल्या माणसास काय दिसतें याचें एक गमतीचें उदाहरण ठाण्याचें आहे. इटलीच्या फ्रिउली प्रांतांतील ओडोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन साधु चौदाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुमारास ठाण्यास आला होता. आपल्या वृत्तांतांत तो सांगतो कीं, येथील उंदीर त्याच्या देशांतील कुत्र्यांएवढे असून मांजरांचें त्यांच्यापुढें कांहीं चालत नाहीं, म्हणून ते कुत्र्यांकडून पकडवितात. ठाण्याच्या जुन्या चाळींत राहिलेल्या कोणासहि या ठिकाणीं घुशीची ओळख पटेल. अतिशयोक्ति सोडून द्या. पण बसगाडींतून जाणाऱ्यास घूस दिसत नाहीं.

आणखी एक बाजू आहे, ती किनाऱ्यावर राहणाऱ्यांची. एका मोठ्या जहाजांतून तीन-चार हजार माणसें एकाच सकाळीं उतरतात, अरुंद गल्ल्या भरून टाकतात, पाणी जहाजावरचें पितात, जेवण जहाजावरचें जेवतात आणि संध्याकाळीं निघून जातात. व्हेनिसच्या लोकांनीं याविरुद्ध पुष्कळ वर्षें तक्रार केली. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारनें मोठ्या जहाजांना सेंट मार्कच्या चौकासमोरून जाण्यास बंदी केली. २०२४ पासून ठराविक दिवशीं केवळ दिवसापुरतें येणाऱ्या पाहुण्यांकडून ५ युरो घेण्यास त्या शहरानें आरंभ केला. डुब्रोव्हनिक शहरानें २०१९ मध्यें दिवसाला दोनच जहाजांची मर्यादा घातली. आपल्यास हें परक्यांचें गाऱ्हाणें वाटेल. पण पावसाळ्यांतल्या रविवारीं येऊरच्या पायथ्याशीं राहणाऱ्यास विचारून पाहावें, त्यास तें लगेच समजेल.

मग करावें काय? जहाजाचीच सहल परवडत असेल व सोसत असेल तर अवश्य करावी. परंतु निघण्यापूर्वीं घरांतल्या मुलानें नकाशा पुढें ठेवून बंदरांपैकीं एक निवडावें, त्या बंदरांत एकच वस्तु निवडावी, आणि तिच्यापाशीं तासभर बसावें. एखाद्या बंदरांत बस न घेतां गांवांतच राहावें. नेपल्स, मार्सेय, बार्सिलोना हीं गांवें बंदरालगतच आहेत, तेथें जहाज चुकण्याचें भय थोडें. एखाद्या दिवशीं उतरलेंच नाहीं तरी चालेल. जो पालक म्हणेल कीं यानें पैसे फुकट जातात, त्यास आम्ही तीं पॉम्पेईचीं वायां गेलेलीं तिकिटें दाखवूं. आमच्या हिशेबीं त्या कुटुंबाचा पैसा वसूल झाला तो त्याच दिवशीं.

आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून सांगितलें कीं, तुझ्या लेखांतील नेपल्सचें पान तेवढें आम्ही घेतों, रोम व फ्लॉरेन्स गाळतों. त्याचें तोंड उतरलें. मग तो म्हणाला कीं, भोजनगृह तरी ठेवावें. तें आम्हीं ठेविलें आहे. बोलतां बोलतां अंबरनाथचें शिवालय पाहिलें आहेस काय, असें विचारलें. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलें हें देवालय, कल्याणच्या पुढें लोकलनें पाव तासाच्या वाटेवर. त्यानें पाहिलें नव्हतें. वडिलांनींहि नाहीं, आजींनींहि नाहीं. येत्या रविवारीं चौघें जाणार आहेत. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं असून तेथें उतरावयास सुमारें वीस पायऱ्या आहेत, तेव्हां आजींची काठी बरोबर घ्यावी, असें आम्हीं त्यास बजावलें आहे.